ख्रिस्तपुराणातील सर्ग आणि प्रतिसर्ग

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे स्मरण मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा एकाच कारणाने होते. परदेशाहून आलेल्या एका जेझुइट धर्मोपदेशकाने मराठी भाषेची मुक्तकंठाने स्तुती केली. त्या ओव्या पाठ्यपुस्तकांत गेल्या आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा उरलेला ग्रंथ मोजक्या अभ्यासकांच्या वाट्याला आला. भाषेचे ते कौतुक मराठी मनाला सुखावणारे असले, तरी त्यावरून ग्रंथाच्या काव्यत्वाचा निर्णय होत नाही. तो निर्णय मुख्यतः दोन स्थळांवर अवलंबून आहे : पहिल्या पुराणाच्या आरंभीची सृष्टिरचना आणि दुसऱ्या पुराणातील ख्रिस्ताचे पुनरुत्थान. ही दोन स्थळे एकमेकांना कशी बांधली आहेत, हे पाहिल्याखेरीज ‘पुराण’ या नावाची सार्थकता ध्यानात येत नाही.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडात १५४९ साली झाला. ते १५७९ मध्ये गोव्यास आले आणि पुढील आयुष्याचा मोठा भाग त्यांनी सासष्टीत घालविला. ग्रंथ राचोल येथे १६१६ साली छापला गेला. ज्या भूमीत तो रचला गेला तेथील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, आणि धर्मांतर केलेला समाज आपल्या जुन्या पोथ्यांना मुकला होता. पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचावयास आपणांस काही असावे, ही एका ब्राह्मणाची मागणी ग्रंथातच नोंदलेली आहे. ज्या सत्तेने ही पोकळी निर्माण केली तिच्याच छायेत ती भरून काढणारे काव्य जन्मास आले, ही गोष्ट समीक्षकाने विसरता कामा नये. परंतु या मागणीमुळेच कवीवर एक कठोर वाङ्मयीन बंधन आले. श्रोत्यांना पुराण म्हणजे काय हे माहीत होते, आणि ती अपेक्षा पुरी करणे त्याला भाग होते.

सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतरे आणि वंशानुचरित ही पुराणाची परंपरागत पाच लक्षणे होत. त्यांतील तीन बायबलात सहज सापडतात. उत्पत्तीची कथा हा सर्ग. आदामापासून दाविदापर्यंतच्या पिढ्या हा वंश. आणि त्या पिढ्यांची चरित्रे हे वंशानुचरित. मन्वंतराला मात्र येथे स्थान असू शकत नाही, कारण ख्रिस्ती दृष्टीने काळ फिरून फिरून येत नाही; त्याला एक आरंभ आहे आणि एक शेवट आहे. खरा प्रश्न उरतो तो प्रतिसर्गाचा. हिंदू पुराणांत प्रलयानंतर सृष्टी पुन्हा प्रकट होते, व हे चक्र अखंड चालते. ‘ख्रिस्तपुराणा’त प्रतिसर्गाची ही जागा पुनरुत्थानाने घेतली आहे. ते एकदाच घडते. आणि जे नव्याने उभे राहते ते विश्व नसून एक मानवी शरीर असते.

या ठिकाणी ईश्वराच्या दोन महिमांचा सांधा जुळतो. ज्याने शून्यातून केवळ शब्दाने आकाश व पृथ्वी निर्माण केली, त्याला मृत्तिकेत गेलेला देह उठविणे अशक्य कसे असावे, असा हा युक्तिवाद आहे. आदाम आणि ख्रिस्त यांची जोडी पौलानेच लावून दिली होती. एकाच्या आज्ञाभंगाने मृत्यू जगात आला, दुसऱ्याच्या आज्ञापालनाने तो जिंकला गेला. योहानकृत शुभवर्तमानात तर ख्रिस्ताची कबर एका बागेत आहे, आणि पहाटे तेथे आलेल्या मग्दालिया मरियेला तो माळी वाटतो. एदेन बागेत हरपलेले जीवन बागेतच परत मिळावे, ही योजना कोणत्याही कथाकाव्याला बळ देणारी आहे. ‘ख्रिस्तपुराणा’चे दोन भाग सलग वाचले असताच तिचे बळ जाणवते, सुटे उतारे वाचणाऱ्याला ते कळणार नाही.

अडचण येते ती शब्दांची. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’, तारणासाठी ‘मुक्ती’ असे शब्द स्टीफन्स योजतात. त्यांना दुसरा उपायही नव्हता. परंतु वारकरी श्रोत्याच्या कानी मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. तिथे देह हा टाकून द्यावयाचा असतो. येथे देह परत मिळावयाचा आहे, तोही जखमांच्या खुणांसह. मृत्यू हा या कथेत फेऱ्यातील एक टप्पा नसून निर्मात्याच्या कृतीत मागाहून शिरलेला शत्रू आहे. म्हणजे शब्द एका दिशेला ओढतो आणि कथा दुसऱ्या दिशेला. हा ताण म्हणजे कवीचा दोष नव्हे. ग्रंथाचे प्राणतत्त्व तेच आहे. जुन्या शब्दाला नवा अर्थ व्याख्येने देता येत नाही, तो कथनाच्या क्रमाने द्यावा लागतो. आणि पहिल्या पुराणाचा दीर्घ विस्तार हेच काम करतो.

सर्वत्र हे साधलेले नाही. धर्मतत्त्वांचे विवरण जेथे लांबते तेथे कवी मागे पडून उपदेशक पुढे येतो, आणि मूर्तिपूजेवरील टीकेत स्वर रुक्ष होतो. तीन शतकांनंतर रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ‘अभंगांजली’त ख्रिस्ताशी जे आत्मीय नाते जोडले, ते स्टीफन्स यांच्याकडे नाही. मात्र टिळकांच्या अभंगात पुनरुत्थान भक्ताच्या अंतरी अनुभवास येते, तर स्टीफन्स यांच्या ओवीत ते जगाच्या इतिहासात घडते. एकाने भक्तीची वाट धरली, दुसऱ्याने पुराणाची. दोन्ही वाटा मराठीच आहेत.

सतराव्या शतकातील मुद्रित प्रती आज उपलब्ध नाहीत; ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदी घातली, तरीही श्रद्धावंतांनी तो जपला. सालदान्हा यांनी मंगळुरास १९०७ मध्ये रोमन लिपीत, व शांताराम बंडेलू यांनी पुण्यास १९५६ मध्ये देवनागरीत तो प्रसिद्ध केला. लंडनच्या मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताची भाषा अधिक संस्कृतप्रचुर आहे. त्या पाठाची तुलना आजवर मुख्यतः भाषेच्या अंगाने झाली. सृष्टी, मृत्यू आणि पुनरुत्थान या प्रसंगी कोणत्या पाठाने कोणता शब्द पत्करला, या अंगाने ती झाली पाहिजे. कारण त्या निवडीतच या कवीच्या श्रद्धेची आणि मराठीच्या सामर्थ्याची एकत्र कसोटी लागलेली आहे.