मोबदला, परवाना आणि न्याय : हार्ड-बॉइल्ड हेरकथा व बाबुराव अर्नाळकर

प्रस्तावना

मराठी समीक्षेने रहस्यकथेचा विचार प्रायः 'रंजनपर वाङ्मय' या एकाच शीर्षकाखाली केल्यामुळे तिच्यातील अंतर्गत भेद दुर्लक्षित राहिले. फुलपाडा ज्या वसई तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील अर्नाळा गावाचे नाव बाबुराव अर्नाळकर (चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथांद्वारे महाराष्ट्रभर पोहोचविले. अमेरिकन हार्ड-बॉइल्ड हेरकथेच्या पार्श्वभूमीवर त्यांच्या नायकांचे वेगळेपण तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

हार्ड-बॉइल्ड हेरकथेची ओळख सामान्यतः पिस्तूल, मद्य व रोखठोक संवाद यांवरून केली जाते. वस्तुतः तिचा गाभा नायकाच्या पैशाशी असलेल्या संबंधात आहे. पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेल्या डॅशिएल हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन' (१९३०) मध्ये सॅम स्पेड अखेरीस लाचेची हजार डॉलरची नोट पोलिसांच्या हवाली करतो. रेमंड चॅंडलरच्या 'द बिग स्लीप' (१९३९) मधील फिलिप मार्लो दिवसाला पंचवीस डॉलर व खर्च एवढ्यावर काम करतो. त्याचा अशील मात्र तेलाच्या उत्पन्नावर श्रीमंत झालेला आहे. हा नायक पोटासाठी श्रीमंतांची चाकरी पत्करतो. परंतु किती विकले जायचे, याची मर्यादा तो स्वतः ठरवितो. हाच त्याच्या नीतीचा कस होय.

अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड या नायकांपुढे असा प्रश्न उभा राहत नाही. ते कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करतात. त्यांना अशील नाही, मोबदला नाही, गमावण्याजोगा परवानाही नाही. यास केवळ अनुकरणाची मर्यादा म्हणणे अन्यायाचे ठरेल. अर्नाळकरांच्या लेखनाचा प्रारंभ स्वातंत्र्यपूर्व काळातील आहे. जेथे कायदाच परक्यांचा होता, तेथे कायद्याबाहेरील न्यायकर्ता वाचकास आपला वाटावा, हे स्वाभाविक होते. शिवाय खाजगी गुप्तहेराच्या व्यवसायास आपल्याकडे स्वतंत्र कायद्याची चौकट लाभली नाही. २००७ मध्ये राज्यसभेत मांडलेले यासंबंधीचे विधेयक कायद्यात परिणत झाले नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र ही कारणमीमांसा अपुरी पडते. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपच्या नावातच लष्करी अधिकार सूचित होतो. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास बॅरिस्टर आहे. नायकापाठीमागे पद अथवा प्रतिष्ठा उभी राहिली. भाड्याच्या खोलीतील, रोजीवर राबणारा शोधक मराठीत रुजला नाही.

निष्कर्ष

या अभावाने मराठी कादंबरीने काय गमावले? खाजगी गुप्तहेर बंगल्यापासून चाळीपर्यंत सर्वत्र जातो. म्हणून त्याच्या कथेत शहराच्या संपत्तीचा उगम उघडा पडतो. पापडखिंडीच्या पायथ्याचा फुलपाड्याचा परिसर पाहिला, तरी जमीन, पाणी व घर यांभोवती वाढलेल्या शहराची सामग्री लेखकासमोर आहे, हे ध्यानी येते. येथील सातबारा व खरेदीखतांमागची माणसे शोधण्यास झुंजारचे अचाट साहस उपयोगी पडणार नाही. त्यासाठी फी घेणारा, थकणारा आणि तरीही न विकला जाणारा माणूस हवा. अर्नाळकरांनी वाचकास न्यायाचे स्वप्न दिले. त्या न्यायाची किंमत मोजणारी हेरकथा मराठीत अद्याप लिहिली जावयाची आहे.