जनमत आणि वाटाघाटींची शांतता : इस्रायल-पॅलेस्टाईन संदर्भातील दोन मसुद्यांची चिकित्सा

इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षाच्या चर्चेत ‘सामान्य जनतेला शांतता हवी आहे, नेतृत्व मात्र ती होऊ देत नाही’ हे विधान दीर्घकाळ केले गेले. अलीकडे ‘जनताच तयार नाही’ हे उलट विधान रूढ होत आहे. दोन्ही विधानांत जनमत ही एक स्थिर व स्वयंभू गोष्ट मानलेली आहे. हे गृहीतक कितपत टिकते, याची तपासणी दुसऱ्या इंतिफादाच्या काळात पुढे आलेल्या दोन नागरी मसुद्यांच्या आधारे करता येते.

पहिला मसुदा २००२ मधील. इस्रायलच्या अंतर्गत गुप्तचर यंत्रणेचे माजी प्रमुख अमी अयालोन आणि जेरुसलेममधील अल-कुद्स विद्यापीठाचे अध्यक्ष, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सारी नुसैबे यांनी तो तयार केला. १९६७ च्या सीमारेषा, दोन्ही राष्ट्रांची राजधानी म्हणून खुले जेरुसलेम, निर्लष्करी पॅलेस्टिनी राज्य आणि निर्वासितांचे केवळ त्या राज्यात परतणे, ही त्याची प्रमुख सूत्रे होती. मसुदा जेमतेम एका पानाचा होता. त्यावर कालांतराने सुमारे २,५०,००० इस्रायली आणि १,६०,००० पॅलेस्टिनी नागरिकांच्या सह्या झाल्या.

दुसरा मसुदा म्हणजे योसी बेलिन आणि यासर अबेद रब्बो यांच्या पुढाकाराने १ डिसेंबर २००३ रोजी जाहीर झालेला जिनिव्हा करार. त्यात नकाशे होते, पवित्र स्थळांवरील सार्वभौमत्वाची वाटणी होती, निर्वासितांपुढील पर्याय होते. तो इस्रायलमधील घरोघरी टपालाने पाठविण्यात आला. तत्त्वाला मिळणारी संमती तपशिलापाशी कशी अडखळते, हे या मसुद्यावर दोन्हीकडून झालेल्या टीकेने दाखवून दिले. एका बाजूस टेम्पल माउंट सोडल्याचा आरोप झाला, दुसरीकडे परतीचा हक्क विकल्याचा.

मात्र तपशिलाला होणारा विरोध म्हणजे शांततेला विरोध, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. खलील शिकाकी यांच्या रामल्लास्थित संस्थेने २००३ मध्ये सुमारे ४,५०० निर्वासित कुटुंबांचे सर्वेक्षण केले. परतीच्या हक्काला मान्यता मिळावी, हा आग्रह जवळजवळ सर्वांचा होता. इस्रायलमध्ये जाऊन कायमचे राहण्याची निवड मात्र सुमारे १० टक्क्यांनीच केली. हक्काची मान्यता आणि हक्काचा प्रत्यक्ष वापर या दोन भिन्न मागण्या आहेत, हे यातून स्पष्ट होते. निष्कर्ष जाहीर होत असताना जमावाने संस्थेच्या कार्यालयाची मोडतोड केली. जनमत मोजण्याची कृतीही राजकीय असते, याचा हा पुरावाच होय.

जनमत नेतृत्वाच्या कृतीनंतरही घडते. नोव्हेंबर १९७७ मध्ये अन्वर सादात जेरुसलेमला येण्यापूर्वी सिनाई पूर्णतः परत करण्यास इस्रायली समाजाची तयारी नव्हती. पुढील वर्षी नेसेटने कॅम्प डेव्हिड करार ८४ विरुद्ध १९ मतांनी स्वीकारला. समोरचा पक्ष विश्वासार्ह वाटताच अशक्य वाटणारी किंमत देणे शक्य झाले.

तथापि हा दाखला पॅलेस्टिनी प्रश्नाला जसाच्या तसा लागू होत नाही. इजिप्त हे सार्वभौम राष्ट्र होते. येथे एका बाजूचा नागरिक मतदानाने सरकार बदलू शकतो, तर दुसरी बाजू परकीय ताब्याखाली जगते. तिच्या विधिमंडळाची शेवटची निवडणूक जानेवारी २००६ मध्ये झाली. त्यामुळे पॅलेस्टिनी संमतीला, ती असली तरी, वाहून नेणारी संस्थाच क्षीण झाली आहे. सह्यांची बेरीज करणारा मसुदा ही विषमता झाकतो, हीच त्याची मुख्य मर्यादा म्हणावी लागते.

७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला संहार यांनी उरलासुरला विश्वासही खचविला. २०२४ च्या संयुक्त सर्वेक्षणात द्विराष्ट्र तोडग्यास सुमारे ४० टक्के पॅलेस्टिनींचा, तर इस्रायली ज्यूंपैकी केवळ २१ टक्क्यांचा पाठिंबा आढळला. हे आकडे निराशाजनक आहेत. पण ते भयाच्या काळातील उत्तर आहे, अंतिम निवाडा नव्हे. लोकांसमोर विश्वासार्ह प्रस्ताव नसताना घेतलेल्या कौलाला नकार ठरवून नेतृत्वाने त्याआड लपणे, हा जनमताचा आदर नसून त्याचा गैरवापर ठरतो.