टेस्ट पास झाली, पण उत्तर बरोबर होतं का?

कंपायलरवर संशोधन करायचं म्हटलं की बरेच जण एलएलव्हीएमपासून सुरुवात करतात. त्याची टेस्टची व्यवस्था सुटसुटीत आहे, हे आधी मान्य करतो. बिल्ड झालं की ‘निंजा चेक-एलएलव्हीएम’ ही कमांड द्यायची. सी++ मधल्या युनिट टेस्ट गूगलटेस्टवर चालतात, रिग्रेशन टेस्ट ‘लिट’ चालवतं. रिग्रेशन टेस्टमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो आणि आउटपुट कसं हवं ते सांगणाऱ्या ‘चेक’ ओळी असतात. ‘फाइलचेक’ त्या जुळवून बघतं.

माझा आक्षेप या ओळींवर आहे. त्या बऱ्याचदा पायथन स्क्रिप्टने तयार होतात. स्क्रिप्ट कंपायलर चालवते आणि जे आउटपुट येईल तेच अपेक्षित उत्तर म्हणून लिहून टाकते. म्हणजे विद्यार्थ्याच्याच पेपरवरून मॉडेल आन्सर बनवायचं!

पहिल्या वर्षी मी एक पास लिहिला होता: चिन्हांकित संख्येला २ ने भागायचं असेल तर त्याऐवजी उजवीकडे एक बिट शिफ्ट करायचं. चेक ओळी स्क्रिप्टने काढल्या, टेस्ट पास. खूश! पण -३ भागिले २ चं उत्तर सी मध्ये -१ येतं, शिफ्ट केल्यावर -२. चूक टेस्टमध्येच छापली गेली होती, मग टेस्ट ती पकडणार कशी?

स्क्रिप्ट वाईट आहे असं नाही. आउटपुट कुठे बदललं ते ती नेमकं दाखवते. पण ‘बदललं नाही’ आणि ‘बरोबर आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ च्या सीस्मिथ पेपरमध्ये यादृच्छिक सी प्रोग्राम वापरून कंपायलरमधले ३२५ हून जास्त नवे बग सापडले. त्या कंपायलरांकडे स्वतःच्या टेस्ट नव्हत्या थोड्याच!

म्हणून तीन सवयी लावून घ्या. बिल्ड करताना असर्शन चालू ठेवा, रिलीज बिल्डमध्ये ते आपोआप चालू नसतात. पास लिहिण्याआधीच जुन्या आउटपुटसह टेस्ट कमिट करा, म्हणजे तुमच्या पासने काय बदललं ते वेगळं दिसेल. आणि तो फरक ऋण संख्या, शून्य, ओव्हरफ्लो धरून कागदावर पडताळा. जमलं तर ‘अलाइव्ह२’ला विचारा, माझ्या पाससारख्या चुकीचं प्रतिउदाहरण ते समोर ठेवतं.

पेपरमध्ये ‘सर्व टेस्ट पास’ लिहिण्याआधी एवढं कराच.