उसाची कसोटी

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. उपग्रहचित्रे, मातीतले सेन्सर आणि हवामान केंद्राच्या नोंदींवरून पाणी-खताचा सल्ला मोबाइलवर येतो. जानेवारी २०२५मध्ये सत्या नाडेला यांनी त्याचा उल्लेख केला आणि कौतुकाला उधाण आले. संशोधन म्हणून मात्र त्याला कडक निकष लावायला हवा.

‘अल्फाफोल्ड’साठी हसाबिस आणि जंपर यांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यामागे १९७१पासून साठत आलेली प्रथिनरचनांची खुली माहिती होती आणि उत्तरे झाकून घेतलेली परीक्षाही. उसाला ही सोय नाही. आडसाली ऊस तुटायला दीड वर्ष लागते. तोवर सल्ला, पाऊस, बेणे आणि मेहनत एकमेकांत मिसळून जातात. नवे तंत्र आधी घेणारा शेतकरी बहुधा ठिबकवाला, जाणकार. त्याचे एकरी टनेज वाढले, तर श्रेय कोणाचे?

म्हणून बारामतीच्या बागायतीत तसेच इंदापूरच्या उजनीकाठी, एकाच शेतकऱ्याचे निम्मे रान सल्ल्यावर आणि निम्मे त्याच्या अनुभवावर ठेवून तुलना व्हावी. नोंदीही खुल्या असाव्यात. यंत्र अंदाज बांधील. तो खरा की खोटा, हे वजनकाट्यावरच ठरेल.