चाल : ‘पृथिबीटा नाकि’

मराठी संगीत नाटकांच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर कंसात चाल दिलेली असते : कधी लावणीची, कधी कानडी पदाची, कधी एखाद्या बंदिशीची. पद नवं, चाल कुणाची ते उघड. हिंदी सिनेमाच्या अल्बममधला रॉक ऐकताना मला तो कंस हटकून आठवतो.

‘गँगस्टर’ (२००६) घ्या. दिग्दर्शक अनुराग बसू आमच्या भिलाईत जन्मलेले, संगीत प्रीतम यांचं. त्यातलं ‘भीगी भीगी’ देशभर गाजलं. इथल्या सेक्टरांत बंगाली शेजार असतोच, आणि चाल अशी की त्या शेजाऱ्याने मुखडा संपायच्या आत ओळखावी. ती कोलकात्याच्या ‘मोहीनेर घोडागुली’ची. जीवनानंद दासांच्या कवितेतून नाव उचललेला हा सत्तरच्या दशकातला बँड. गौतम चट्टोपाध्याय यांनी १९९५मध्ये काढलेल्या ‘आबार बोछोर कुडि पोरे’ या अल्बममध्ये ‘पृथिबीटा नाकि’ आहे.

मूळ गाणं प्रेमाचं नाही, किंवा फक्त प्रेमाचं नाही. उपग्रह आणि केबल यांनी जग आक्रसून दिवाणखान्यातल्या खोक्यात बसवलं. तारे मात्र प्रकाशवर्षं दूर आहेत आणि तसेच आपण दोघे एकमेकांपासून लांब चाललो आहोत, असा त्याचा आशय. टीव्हीवरची तक्रार आणि विरह एकाच वाक्यात येतात, यात त्याची सगळी ताकद. हिंदीत उरली पाऊस-ओल, आठवणी आणि अपुरं प्रेम. खोकं गेलं, तारे गेले. याला मी भाषांतर म्हणणार नाही, रूपांतरही नाही. चालीवर बेतलेलं दुसरं पद म्हणेन. त्यात गैर काही नाही, ‘स्वयंवर’ही (१९१६) बंदिशींवरच उभं आहे. पण चालीला स्वतःची स्मृती असते. ते सावकाश, थकलेलं स्वरवळण मुळात अंतर मोजायला बांधलेलं आहे, ओलाव्यासाठी नाही.

बचावला आवाज. गायला आहे बांगलादेशच्या ‘नगर बाउल’चा जेम्स. त्याची हिंदी बंगाली वळणाची, ‘अ’ गोलसर, शब्द किंचित ओढलेले. शुद्ध उच्चारांचा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकेल. मला मात्र शब्दांनी टाकून दिलेलं परकेपण त्या उच्चारांतच शिल्लक राहिलेलं ऐकू येतं.

गंमत पुढे आहे. वर्षभरातच, २००७मध्ये, याच त्रयीचा ‘लाइफ इन अ... मेट्रो’ आला. त्यात बँड पडद्यावर, मुंबईच्या रस्त्यांवर, सूत्रधारासारखा उभा राहतो : कथेत नाही, कथेबाहेरही नाही. पंडवानीत तीजनबाई तंबुरा हाती घेऊन सांगतात आणि क्षणात पात्र होतात. त्या भिलाईजवळच्या गनियारीच्या. हा प्रभाव आहे असा दावा मी करत नाही, फक्त शेजार दाखवतो. ‘अलविदा’चे शब्द मला साधारणच वाटतात. पण सिनेमा ज्या फ्लॅटच्या किल्लीभोवती फिरतो, त्या दाटीच्या खोल्यांत माणसं एकमेकांपासून दूरच आहेत. ‘गँगस्टर’च्या गाण्यात गळून पडलेला दिवाणखाना इथे चित्रांत परतला, असं मी वाचतो.

मूळ गाण्याचं मराठी करायला घेतलं की अडतं ते एका क्रियापदाशी. बंगालीतलं ‘सरा’ म्हणजे बाजूला होणं, हटणं. मराठीत ‘सरणं’ म्हणजे तेही, आणि संपणंही : बाजूला सर म्हणतात, पीठ सरलं असंही म्हणतात. दोन माणसं सरत जातात म्हटलं, तर मुळात नसलेला अर्थ आत शिरतो. माझ्या खर्ड्यात मी तो ठेवला आहे, आणि वर कंसात चाल लिहिली आहे.