‘स्मशानातील सोनं’ : भीमाच्या दोन बोटांचा प्रश्न

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेविषयी लिहिताना भुकेचे भयानक दर्शन, राखेतून सोने वेचण्यातील थरार आणि कोल्ह्यांशी चाललेली भीमाची झुंज यांचाच उल्लेख बहुधा होतो. हे सारे कथेत आहे व ते प्रभावीही आहे. परंतु कथेचा भार अखेरीस ज्यावर येऊन टेकतो ती वस्तू सोने नव्हे. ती भीमाची दोन बोटे होत.

कथानक परिचित आहे. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईस येतो आणि उपनगरातील खाणीत दगड फोडू लागतो. खाण बंद पडते. तो स्मशानाकडे वळतो. पुरलेल्या सावकाराच्या जबड्यात बोटे अडकून जायबंदी होतात, डॉक्टर दोन बोटे काढून टाकतो, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. या शेवटाला ‘दैवाचा उपहास’ म्हणण्याचा प्रघात आहे. (उत्तरपत्रिकांतून तर तो हटकून भेटतो.) आम्हांस तो मान्य नाही. खाण दैवाने बंद पडत नाही. आणि ती बंद असता मजुराने काय खावे, हे ठरविणे कोणाचेच काम नव्हते.

येथे कायद्याचे एक कलम आठवावे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईच्या शक्तीत २० टक्के घट धरलेली होती. अट अशी की, इजा नोकरीतून व नोकरीच्या ओघात झालेली असावी. भीमाची बोटे सुरुंगाखाली गेली असती, तर निदान कागदोपत्री त्यांना मोल होते. स्मशानात गेलेल्या त्याच बोटांचे मोल शून्य! वाचकाची सहानुभूती सहज मिळवू पाहणाऱ्या लेखकाने अपघात खाणीतच घडविला असता. अण्णा भाऊंनी तो कायद्याच्या कक्षेबाहेर नेला, आणि तेथेच त्यांची दृष्टी प्रकट होते. कामाची जागा नेमकी कोठे संपते? खाणीच्या फाटकाशी, की त्या फाटकाने बाहेर लोटलेला माणूस जेथे पोट भरण्यास जातो तेथे? कथा हा प्रश्न उच्चारीत नाही. घटनांच्या मांडणीतूनच तो उभा राहतो.

तथापि एक उणीव नोंदवणे प्राप्त आहे. खुद्द खाण या कथेत जवळजवळ निष्कलंक राहते. डोळ्यांत उडणाऱ्या कपच्या नाहीत, सुरुंग नाहीत, धूळ नाही. दगडाच्या धुळीने फुप्फुसे कायमची निबर करणारा सिलिकोसिस हा वर उल्लेखिलेल्या कायद्यातही व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. तो बोटांसारखा एका रात्रीत दिसत नाही, वर्षानुवर्षे साचत जातो. भीमाच्या अफाट बळाच्या वर्णनापुढे हे सारे झाकले गेले आहे. ज्या खाणीसाठी तो लहान मुलासारखा रडतो, ती त्याचे शरीर धड ठेवणार होती असे कथा जणू गृहीत धरते. उपाशी माणसास धूळ दिसू नये, हे समजण्यासारखे आहे. पण निवेदक उपाशी नाही. त्याचे डोळे स्मशानात जितके उघडे आहेत तितके खाणीत असते, तर भीमाचे रडणे अधिक अवघड झाले असते, त्याला आणि आपणांलाही.