वारसावास्तूंचे अनुदान : सोलापूरच्या निमित्ताने

नगरसंस्थेने वारसावास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी द्रव्यसाहाय्य करावे, हे मत आता तत्त्वतः बहुधा कोणी नाकारीत नाही. वाद उरतो तो हे द्रव्य कोणाला, कशाकरिता आणि कोणत्या अटींवर द्यावे याविषयी; आणि नेमका हाच भाग आपल्याकडील चर्चेत उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात सोलापूर शहराच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे.

सोलापुरातील दोन उदाहरणे प्रथम घेऊ. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेले इंद्रभुवन हे त्या काळच्या व्यापारी वैभवाचे चिन्ह होय. १ मे १९६४ रोजी सोलापूर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि ही वास्तू तिच्या कारभाराचे ठिकाण झाली. सोलापूरची निवड जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्याच यादीत झाली. त्या अभियानाच्या निधीतून पुढे इंद्रभुवनाच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले. दुसरे उदाहरण डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घराचे. १९१० साली सोलापुरात जन्मलेल्या आणि चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ साली निधन पावलेल्या या पुरुषाचे घर महापालिकेने जतन करून तेथे स्मारक केले. दोन्ही कामे स्तुत्यच आहेत. परंतु पहिल्या प्रकरणात पालिकेने जपली ती स्वतःची कचेरी आणि दुसऱ्यात जपली ती एका थोर पुरुषाची स्मृती. ज्या घरात कोणी थोर पुरुष जन्मला नाही, ज्याची मालकी पालिकेकडे नाही आणि ज्यात चार भावांची कुटुंबे आजही नांदत आहेत, अशा घराला या दोन्हींतला कोणताच मार्ग उपयोगी नाही. जुन्या पेठांतली बहुसंख्य घरे मात्र याच वर्गात मोडतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. भुईकोट किल्ल्यासारखी स्मारके केंद्राच्या १९५८ च्या अधिनियमाखाली संरक्षित होतात. राज्यासाठी १९६० चा स्वतंत्र अधिनियम आहे. यांच्या कक्षेबाहेरच्या नागरी वास्तूंसाठी मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली झाली आणि श्रेणी ठरवून यादी करण्याची पद्धत रूढ झाली. राज्यातील इतर शहरांसाठी २०२० साली मंजूर झालेल्या एकत्रिकृत नियमावलीतही तशा तरतुदी आहेत. या साऱ्या व्यवस्थेचा स्वभाव निषेधाचा आहे. पाडू नये, बदलू नये, परवानगीवाचून हात लावू नये, एवढे ती सांगते. छप्पर गळू लागले तर कोणी आणि कशाने शाकारावे, हे ती सांगत नाही. मोबदला म्हणून न वापरलेल्या चटईक्षेत्राचा हक्क दुसरीकडे हस्तांतरित करण्याची सोय आहे खरी. पण त्या हक्काला मोल येते ते जादा बांधकामाची मागणी तीव्र असलेल्या शहरात. मुंबईच्या जमिनीच्या भावावर बेतलेला हा उपाय सोलापूरच्या पेठेत आणला, तर मालकाच्या हाती बहुधा कागदच राहील.

आता खुद्द घराकडे वळू. सोलापूरच्या जुन्या घराचे मर्म त्याच्या माळवदात आहे. लाकडी तुळया, त्यांवर किलच, त्यावर मातीचा जाड थर आणि शेवटी पांढऱ्या मातीचे आवरण, अशी ही सपाट छपराची रचना उन्हाळ्याच्या तीव्र तापात आतली खोली थंड ठेवते. (ही माती पुष्कळदा गावठाणातूनच आणली जाई; गावठाणाला 'पांढरी' म्हणण्याची आपली रीत येथे सहज आठवते.) परंतु या रचनेला दरवर्षीचा हात लागतो. मृगापूर्वी गवत उपटावे, भेगा बुजवाव्यात, पांढरी माती नव्याने पसरून धुमसावी, पन्हाळ मोकळे करावेत, हा क्रम दोन-तीन वर्षे चुकला की पाणी तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी पोहोचते आणि लाकूड तेथूनच कुजू लागते. यावर सोपा म्हणून जो उपाय केला जातो, तो सिमेंटच्या थराचा. त्याने वजन वाढते, मातीत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि वरून घट्ट दिसणारे छप्पर आतून पोकळ होत जाते.

म्हणजे या वास्तूंची गरज वार्षिक, लहान आणि अखंड आहे. अनुदानाची आपली कल्पना मात्र एकवेळच्या, मोठ्या आणि समारंभपूर्वक खर्चाची आहे. अंदाजपत्रक, निविदा, ठेकेदार, उद्घाटन, आणि मग पुढील अभियानापर्यंत स्वस्थता. स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. त्या निधीतून जे सावरले गेले, त्याच्या नित्य देखभालीचा भार आता पालिकेच्या चालू उत्पन्नावरच पडणार. वारसाशहरांसाठी २०१५ साली निघालेल्या केंद्राच्या 'हृदय' योजनेत बारा शहरे होती. त्यांत महाराष्ट्रातील एकही नव्हते.

या बाबतीत आपल्या पूर्वजांचा व्यवहार अधिक शहाणपणाचा होता, असे म्हणावे लागते. देवस्थानाला जमीन इनाम देताना दात्याने केवळ कळस चढविला नाही. दिवाबत्ती, पूजा आणि डागडुजी यांसाठी दरसाल येणाऱ्या उत्पन्नाची तजवीज केली. त्या व्यवस्थेत गैरव्यवहार झाले नाहीत असे नव्हे. आणि ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणावी, असेही येथे सुचवावयाचे नाही. परंतु वास्तू टिकते ती आवर्ती उत्पन्नावर, हे तिने ओळखले होते.

खाजगी घराला सार्वजनिक पैसा का द्यावा, हा आक्षेप गंभीर आहे. तो झटकून टाकणे योग्य नव्हे. ब्रिटनमध्ये १९६२ च्या अधिनियमाने स्थानिक संस्थांना ऐतिहासिक वास्तूंच्या दुरुस्तीसाठी खाजगी मालकालाही अनुदान वा कर्ज देण्याचा अधिकार दिला. आणि अनुदानानंतर तीन वर्षांच्या आत मालमत्ता विकली गेल्यास रक्कम परत घेण्याची तरतूद त्या देशाच्या कायद्यात आहे. पुदुच्चेरीच्या तमिळ वस्तीतील घरांचे दर्शनी भाग दुरुस्त करताना खर्चाचा काही वाटा मालकाने उचलला. दोन्हीकडे तत्त्व एकच : सार्वजनिक पैशाच्या बदल्यात मालकाने काही बांधीलकी पत्करली पाहिजे. सोलापुरात हे तत्त्व लावू जाता अडचण येते ती मालक कोण, हे ठरविण्याची. वारसांची नावे सातबारावर वा मिळकत पत्रिकेवर चढलेली नसतात. काही खणांत जुने भाडेकरू असतात. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाने दुरुस्तीचे कर्तव्य घरमालकावर टाकले आहे. पण हाती येणारे भाडे दुरुस्तीला पुरेल, याची हमी कोणी दिलेली नाही.

पालिकेच्या तिजोरीचीही मर्यादा आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ साली बव्हंशी रद्द झाला, आणि २०१७ नंतर पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अधिकच अवलंबून राहू लागल्या. अशा स्थितीत मोठ्या अनुदाननिधीची घोषणा पोकळ ठरण्याचा संभव अधिक. त्याऐवजी प्रस्तुत लेखकास एक लहानसा मार्ग व्यवहार्य वाटतो. यादीतील ज्या घराचे माळवद वैशाखात शास्त्रशुद्ध रीतीने दुरुस्त झाले असेल, त्याच्या त्या वर्षीच्या मालमत्ता करात त्या खर्चाइतकी, ठरावीक मर्यादेपर्यंत, सूट द्यावी. सूट घराला लागू होत असल्याने वारसांचा वाद मिटेपर्यंत थांबावे लागणार नाही. काम न झाल्यास पैसा खर्चच होणार नाही. आणि पाहणीसाठी ठेकेदार नको, माळवद जाणणारा एक गवंडी आणि पालिकेचा एक अभियंता पुरे. असे गवंडी किती उरले आहेत, याची मोजदाद मात्र यादी करण्याच्या आधी व्हावयास हवी.